पाचवी खुर्ची

संकपाळ साहेब आमच्या टेबलापाशी आले, पाच खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि सुपरवायझरला चार बोटं दाखवली.

"एवढ्यात भागेल," ते म्हणाले.

हळूच बोलले होते हो, पण असलं हळू बोललेलंच आम्हा बायकांना आधी ऐकू येतं. मंगलच्या हातातली पितळी पट्टी खाली पडली. भारतीचा स्क्रू अर्धाच राहिला. यास्मिननं माझ्याकडं बघितलं आणि मी, बघायचं नाही बघायचं नाही म्हणत असताना, शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. तिथं आत्या बसल्या होत्या, माझ्या सासूबाई, हौसाबाई. त्या खाली मान घालून बटण बसवत होत्या. त्यांना ती चार बोटं दिसलीच नव्हती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझी लेक तेव्हा बालवाडीत होती, आता तिची लेक बालवाडीत जाते. पण ती चार बोटं मी अजून विसरलेले नाही.

कुपवाडच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना भिंतीवरच्या बोर्डाचे स्विच बनवायचा. एका लांब टेबलाला आम्ही पाच जणी रांगेत. मंगल पांढऱ्या डबीत पितळी पट्ट्या ठेवायची, भारती स्क्रू पिळायची, यास्मिन स्प्रिंग टाकायची, मी वरची पत्ती लावून डबी पुढं सरकवायची आणि शेवटी टेबलाच्या टोकाला, माझ्याकडं तोंड करून बसलेल्या आत्या त्यावर बटण दाबून बसवायच्या, टिक-टिक करून बघायच्या आणि खोक्यात टाकायच्या. डबीच्या एका कडेला बारीक खाच असते. बटणावरचा लाल ठिपका त्या खाचेच्या बाजूलाच यायला पाहिजे, नाहीतर स्विच उलटा होतो. पांढऱ्या डबीवर पांढरीच खाच. चांगल्या डोळ्यांच्या बाईलाही ती निरखून बघावी लागते, आणि आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

आमच्या घरात हे कुणी बोलत नव्हतं. त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना विचारलं नाही. सासूला 'तुम्हाला दिसत नाही का हो' म्हणून विचारायचं? माझी काय बिशाद! मी तशी तोंडाळ, बाहेर कुणाचं ऐकून घेणार नाही, पण आत्यांपुढं माझी बोलती बंद. मी आपली एकच गोष्ट करायची. डबी सरकवताना मनगट जरासं वळवायचं, म्हणजे खाच बरोबर त्यांच्या पोटाकडं तोंड करून जायची. लाल ठिपक्याच्या बाजूला बटणाखाली खुंटी असते, ती त्यांना बोटानं कळायची. डबी आलीय तशी धरली आणि खुंटी आपल्याकडं ठेवून दाबली की झालं. वर्षभर मी मनगट वळवत होते आणि मला वाटायचं, या कानाची त्या कानाला खबर नाही.

कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून आत्या तिथं होत्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा माझा नवरा रांगत होता. दिराच्या दारात त्या उभ्या राहिल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत, बामणोलीहून चालत कारखान्यात गेल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीवर त्यांनी स्वतः शिवलेला वाकळेचा तुकडा होता, चौकोनी, लाल-हिरव्या ठिगळांचा. मला त्यांनीच कारखान्यात आणलं. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या होत्या, "ज्या दिशी माझी खुर्ची जाईल, त्या दिशी मी बी गेले म्हणून समज." आत्या उगीच बोलायच्या नाहीत. मला त्याची भीती बसली होती.

आणि डोळ्याचं ऑपरेशन? त्यांच्या थोरल्या बहिणीचा डोळा ऑपरेशनातच गेला होता. त्यात महिनाभर रजा. "महिनाभर खुर्ची रिकामी दिसली की तिच्यावर दुसरी बसती," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भारतीच्या आजारपणात एकदा तसं झालंही होतं. बरी होऊन आली ती पॅकिंगला जाऊन पडली, परत टेबलावर यायला तिला किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या.

संकपाळ साहेब पुण्याहून कसलं तरी ट्रेनिंग घेऊन आले होते. कोल्हापूरकडचा तरुण माणूस, वागायला वाईट नव्हता, पण हातात घड्याळ आणि तोंडात सारखं कायझेन. रोज थोडी थोडी सुधारणा करा, वाया जातंय ते शोधा, नको असलेलं काढा. नको असलेल्या वस्तूला ते लाल चिठ्ठी बांधायचे. मोडका पंखा गेला, गंजकं कपाट गेलं, आमच्या माठाची तिवईसुद्धा गेली आणि माठ बिचारा बादलीवर बसला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामावर आलो की आधी आपापल्या खुर्चीची पाठ बघायला लागलो. हसत हसत बघायचो, पण बघायचो. आत्या बसायच्या आधी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना फळ्यापुढं उभं करून सांगितलं होतं, "जी लाइनीतून बाहेर येईल, ती गेटातून बाहेर जाणार नाही. मोठ्या साहेबांचा शब्द आहे." आम्ही माना डोलावल्या होत्या. विश्वास एकीचाही बसला नव्हता.

चार बोटांच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणाला घास जाईना. आत्या हात धुवायला नळाकडं गेल्या आणि भारती रडायलाच लागली.

"मीच जाणार बघ. सगळ्यांच्या मागनं आलेली मीच हाय."

"गप गं," मंगल म्हणाली. "मागनं आलेलीला न्हाई काढत. जिचा हात मंद तिला काढत्यात. त्या घड्याळाचं दुसरं काय काम हाय?"

यास्मिननं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. शेवटी मंगल माझ्याकडं सरकली.

"रत्ने, एक बोलू का? राग नको मानू. तुझ्या सासूला दिसत न्हाई."

"कोण म्हणतंय?"

"त्या नळाकडं भिंत धरून गेल्या, आमाला काय डोळे न्हाईत व्हय?"

मला भांडायचं होतं. तोंड उघडलं आणि रडूच आलं. एवढे दिवस एकटीनं दाबून धरलं होतं ते सगळं बाहेर आलं. "त्यास्नी घरी बसवलं तर त्या जगायच्या न्हाईत गं," एवढंच मला सांगता आलं.

यास्मिननं माझ्या पाठीवर हात ठेवला. आत्यांना या सगळ्या मावशी म्हणायच्या. "मावशींनी मला कामाला लावलं. माझ्या अब्बाला घरी येऊन त्यांनीच समजावलं. त्यांना कसं जाऊ द्यायचं?"

"जाऊ द्यायचंच न्हाई," मंगल म्हणाली. तिचे डोळे लकाकले. काही उचापत सुचली की मंगलचे डोळे असेच व्हायचे. "साहेब हात मोजणार न्हवं? मग आपण मावशीचा हात सगळ्यांत पुढं काढू. आपापलं काम जरा झटकन उरकायचं आन् थोडं थोडं पुढचं बी करायचं. मी पट्ट्यांबरोबर स्क्रू उभा करून देते. भारती पिळून स्प्रिंगा टाकंल. यास्मिन तुझी पत्ती लावंल. तू बटण खुंटीवर टेकवूनच दे. मावशीनं निसतं दाबायचं."

"साहेब मागं उभे असणार."

"साहेब घड्याळात बघत असत्यात. हाताकडं कुठं बघत्यात?"

त्या वेळी आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटलं. देवाशपथ, आमच्यात एकीलाही शंका आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मोजमाप सुरू झालं. साहेब एकेकीच्या मागं उभे राहायचे, घड्याळ दाबायचे, पुढं सरकायचे. तसल्या कामाची सवय आम्हाला कुठं होती? मागं माणूस उभं राहिलं की मानेवर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. माझ्या हातातून पत्ती निसटायची. तरी आम्ही चौघी अशा काही भिडलो की विचारू नका. पाणी प्यायला उठलो नाही, बोललो नाही, मंगलनं तर दिवसभर एक चहाडी सांगितली नाही. आत्यांपुढं डबी जायची ती बटण डोक्यावर घेऊनच. त्यांनी दाबायचं, टिक-टिक, आणि खोक्यात. साहेब त्यांच्या मागं बराच वेळ थांबले. मान हलवली. पुन्हा घड्याळ दाबलं आणि सुपरवायझरला बोलावून दाखवलं.

मंगलनं मला टेबलाखालून पाय मारला.

संध्याकाळी घरी मी पीठ मळत होते, आत्या पाटावर बसून लसूण सोलत होत्या. लसूण सोलायला डोळे लागत नाहीत.

"रत्ने."

"काय आत्या?"

"आज बटणं आधीच कशी गं बसलेली येत हुती?"

"कुठं? भास झाला असंल तुमाला."

"हाताला भास हुतुय व्हय?"

मी पिठात पाणी घातलं. जास्तच पडलं.

"उद्या मी येत न्हाई," आत्या म्हणाल्या. "डोकं दुखतंय म्हणून सांग."

"काहीतरीच काय! तुमी न्हाई आला तर चौघीच काम करताना दिसू न्हवं त्यास्नी!"

बोलून गेले आणि माझा हात परातीतच थांबला. आत्यांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली.

"मग आज काय दिसलं त्यास्नी?"

साहेबांना सिद्ध करायचं होतं की चार बायकांत पाच जणींचं काम होतं, आणि आम्ही दिवसभर रक्त आटवून त्यांना तेच करून दाखवत होतो. आत्यांची खुर्ची वाचवायला म्हणून जे केलं, त्यानंच ती खुर्ची फालतू ठरत होती. त्या रात्री कसली झोप नि कसलं काय. लेक झोपेत कण्हली तरी मी दचकत होते.

सकाळी गेटापाशी मंगलला गाठून सांगितलं. ती जागच्या जागी उभी राहिली.

"अगं बाई गं," ती म्हणाली. "माझंच डोकं कुठं गेलं हुतं?"

"आजपासनं थांबवू या का?"

"आता थांबलो तर मावशीचा हात एका रात्रीत मंद कसा झाला म्हणून इचारतील. आन् न्हाई थांबलो तर चारच पुरत्यात हे पक्कं हुतंय." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "रत्ने, मीच घालवली गं तुझी सासू."

"गप बस. तू एकटीनं न्हाई."

थांबवायचा धीर आम्हाला झाला नाही. आम्ही तसंच चालू ठेवलं. आधी निदान जोर होता, आता प्रत्येक डबीबरोबर भीती. माझ्या मनात सारखं यायचं, ही एक डबी लवकर गेली, ही अजून एक लवकर गेली, आपणच आपल्या हातानं हे करतोय. डबी आली की आत्या नुसत्या दाबायच्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असायचे.

मोजमाप संपल्यावर सकाळच्या मीटिंगला साहेबांनी सगळ्या खात्याला फळ्यापुढं बोलावलं. त्यांच्या एका हातात हिरवी टोपी होती आणि दुसऱ्या हातात नारळ. नारळ बघितला आणि मला वाटलं, हातात नारळ देऊन घरी पाठवायचंच ठरलंय. यास्मिननं माझा दंड एवढा घट्ट धरला की तिची नखं रुतली.

"स्विचची लाइन उद्यापासून चौघींची," साहेब म्हणाले. "आता बाहेर कोण येणार? तुम्हाला वाटत असेल, सगळ्यांत मंद आहे ती. तसं नाही. आमच्या पद्धतीत सगळ्यांत चांगला हात लाइनीतून उचलतात. तिनं दुसऱ्या लाइनींवर जायचं, कुठं काय वाया जातंय ते शोधायचं, इतरांना शिकवायचं. हिरवी टोपी तिची." ते हसले. "घड्याळाप्रमाणे हा हात आहे हौसाबाईंचा. या, हौसाबाई."

टाळ्या वाजल्या. आम्ही चौघींनी वाजवल्या नाहीत. उद्या दुसऱ्या लाइनीवर आत्यांना उभं करणार, बारीक सामान बघायला लावणार आणि पहिल्या तासाला सगळं उघडं पडणार. मग टोपीही जाणार, खुर्ची तर गेलीच होती.

आत्या पुढं गेल्या. मध्ये खुर्च्यांची रांग होती, एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत त्या गेल्या. साहेबांनी टोपी पुढं केली. आत्यांनी घेतली नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या घड्याळानं मोजला त्यो हात माझा न्हाई."

साहेबांना कळलं नाही. "म्हणजे?"

"मला खाच दिसत न्हाई. वरीस झालं. तुमी मागं उभं ऱ्हायला तवा माझं काम ह्या चौघींनी केलं. मी निसती दाबत हुते." त्यांनी आमच्याकडं हात केला. "पोरींस्नी काय बोलू नका. माझ्या मायेपोटी केलं त्यांनी. तुमचं गणित बरोबर हाय, चौघीत काम हुतंय. पाचवी मी. माझं नाव काढा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मंगलनं मान खाली घातली, भारती तर मुसमुसायलाच लागली.

"आन् एक इचारायचं हाय," आत्या म्हणाल्या. "पयल्या दिशी तुमी म्हणाला हुता, लाइनीतनं भाईर पडंल ती गेटातनं भाईर जाणार न्हाई. ते चांगल्या हातासाठनंच हुतं, का सगळ्यांसाठनं?"

साहेबांनी नारळ टेबलावर ठेवला. "मला विचारून सांगावं लागेल," ते म्हणाले आणि ऑफिसकडं गेले.

आत्या परत येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. उठ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"आज माझ्या कामाला कुणी हात लावायचा न्हाई," त्या आम्हाला म्हणाल्या.

आम्ही लावला नाही. त्यांच्यापुढं डब्या साचत गेल्या. त्या एकेक उचलायच्या, अंगठा फिरवायच्या, बटण बसवायच्या. आजूबाजूच्या लाइनीवरच्या बायका वळून वळून बघत होत्या. मला इतकी लाज वाटत होती, इतका राग येत होता, कुणाचा ते मात्र कळत नव्हतं. मनगट मी तेवढं वळवत राहिले. तेवढं कुणाला कळणार होतं?

जेवणाची सुट्टी झाली तरी साहेब आले नाहीत. ऑफिसच्या काचेतून मोठे साहेब हातवारे करताना दिसत होते. मंगल सारखी उठून बघून यायची. "अजून बोलत्यात," म्हणायची. थोड्या वेळानं परत, "अजून बोलत्यात." आत्यांनी मात्र डबा उघडला आणि भाकरी खाल्ली.

"तुमाला भ्या वाटत न्हाई का वो?" मी न राहवून विचारलं.

"वरीसभर वाटत हुतं की," त्या म्हणाल्या. "आता काय ऱ्हायलंय?"

चहाच्या आधी साहेब आले. हातात नारळही नव्हता आणि टोपीही नव्हती. ते टेबलाला टेकून उभे राहिले.

"हौसाबाई, खुर्ची काढावी लागणार. तो निर्णय बदलत नाही."

"व्हय."

"पण शब्द सगळ्यांसाठी होता. मोठ्या साहेबांकडून मी तो पुन्हा मिळवून आणलाय." त्यांनी घाम पुसला. आत त्यांचीही चांगलीच झाडाझडती झाली असणार. "डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या. हवी तेवढी रजा घ्या. आल्यावर माझ्याबरोबर काम करायचं."

"हात चांगला न्हाई माझा. सांगितलं न्हवं सकाळी?"

"हात नकोय मला. मी इतक्या ठिकाणी घड्याळ घेऊन फिरलो, माझं मोजमाप चुकलंय असं तोंडावर सांगणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. बाकीचे सगळे मला पाहिजे तेच दाखवतात." त्यांनी आमच्याकडं बघितलं. "या चौघींसारखे."

मंगल लाजली. तिला लाजताना मी त्या दिवशीच बघितलं.

आत्या उठल्या. खुर्चीवरचा वाकळेचा तुकडा काढला, घडी करून काखेत मारला. खुर्ची साहेबांनी स्वतः उचलून नेली. तिला लाल चिठ्ठी बांधली नाही.

घरी जाताना वाटेत मी भीत भीत विचारलं, "आता ऑपरेशन करायचं न्हवं, आत्या?"

"करायचं की. आता खुर्चीच न्हाई, तर राखायची कशाला?"

मिरजेच्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं आणि मला त्यांच्या बहिणीचा डोळा आठवला. बाहेरच्या बाकावर मी वाकळेचा तुकडा पोटाशी धरून बसले होते, नवस बोलून बोलून देवांची नावं संपली. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. आत्यांनी डोळा मिचकावला, भिंतीकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"रत्ने, एवढी वाळलीस कधी गं?" त्या म्हणाल्या. मी काही बोलणार तोवर त्यांचं पुढचं आलंच, "आन् ही साडी असल्या रंगाची हाय व्हय? मी आपली निळी समजत हुते. कुणी घ्यायला सांगितली ही?"

दुसऱ्याही डोळ्याचं झालं. काळा गॉगल लावून त्या बामणोलीत फिरायच्या तेव्हा पोरं मागं लागायची. मग गॉगल गेला, साधा चष्मा आला, आणि एका सकाळी हिरवी टोपी पदरावर चढवून त्या संकपाळ साहेबांबरोबर आमच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आम्हाला हसू आवरेना. टोपी आणि पदर यांचं काही केल्या जमत नव्हतं.

"हसू नका, कामं करा," आत्या म्हणाल्या.

त्या मागं उभ्या राहिल्या. घड्याळ नाही, काही नाही, नुसत्या बघत होत्या. लाइन चौघींची झाल्यापासून बटणाचं काम माझ्याकडं आलं होतं. पत्ती मीच लावायची, बटणही मीच बसवायचं, टिक-टिकही मीच. माझ्या डाव्या हाताला आत्यांची खुर्ची होती ती जागा मोकळी. साहेब मंगलकडं सरकले, आत्या माझ्यापाशीच थांबल्या. सासू मागं उभी राहिली की घड्याळ परवडलं असं वाटतं. माझ्या मानेवर परत मुंग्या चालायला लागल्या.

"थांब," त्या म्हणाल्या.

मी थांबले.

"पत्ती लावल्यावर मनगट का वळवतीस?"

मी हाताकडं बघितलं. डबी माझ्या हातात होती आणि तिची खाच डावीकडं होती, मोकळ्या जागेकडं. बटण बसवायला ती मला परत आपल्याकडं फिरवावी लागत होती. रोज, प्रत्येक डबीला, मी ती आधी तिकडं वळवायची आणि मग इकडं. मला पत्ताच नव्हता.

"सवय लागलीया," मी म्हटलं.

"सोड ती. येळ वाया जातुया." मग त्या वाकल्या, माझ्या हातातली डबी घेतली, खाच माझ्याकडं करून परत माझ्या हातात दिली, आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वरीसभर एकूण एक डबी माझ्याकडंच तोंड करून यायची, रत्ने. मी आंधळी हुते. येडी न्हवते."

माझे डोळे भरून आले, समोरची खाच मलाच दिसेना.

"दिसतंय मला आता," आत्या म्हणाल्या. त्यांनी टोपी सारखी केली आणि खुर्च्यांच्या मधून, एकाही खुर्चीच्या पाठीला हात न लावता, पुढच्या लाइनीकडं गेल्या.